रामनगरच्या कड्यावर क्लाइंबिंगला बंदी आहे म्हणतात, पहाटे गुपचूप जाऊन चढता येतं का? सोलापूरहून ग्रुप निघणार आहे.

येतं की. मागच्या बाजूनं घुसलात तर कुणी गोळी घालत नाही. पण जाऊ नका, आणि का ते जरा लांबण लावून सांगतो, कारण ह्याच गोष्टीवरून आमच्या घरात आजपण भांडण चालू आहे.

तो कडा म्हणजे कर्नाटकात बेंगलोरजवळचा रामदेवरबेट्टा, शोलेवाला डोंगर. २०१२ पासून तिथं गिधाड अभयारण्य आहे. माझा एक मावसभाऊ आहे, सह्याद्रीत बरंच चढलेला, हात चांगला, जीभ त्याहून चांगली. त्याच्या हट्टापायी आम्ही चौघं उद्यान एक्स्प्रेसनं बेंगलोर गाठलं आणि तिथून म्हैसूरच्या गाडीनं रामनगरला उतरलो. गेटवर वनखात्याचा एक वयस्कर माणूस होता. आमच्या घरात आई कन्नडच बोलते त्यामुळं माझं त्याच्याशी लगेच जमलं. पायऱ्यांनी देवळापर्यंत खुशाल जा, रोप, म्हणजे चढायचा दोर, मात्र खालीच ठेवा म्हणाला, आणि मग स्वतःच बाजूला नेऊन कड्याकडं बोट केलं. मधोमध एका कपारीखाली पांढरे लांब ओघळ उतरलेले, ती गिधाडांची विष्ठा. त्याच्या जरा वर बघत राहिलो तर सावलीत एक बोडकी मान हलली.

ही लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीतच घर करतात, वर्षाला एकच अंडं, तेही हिवाळ्यात, म्हणजे नेमका आपला सीझन. बाजूनं रोप लोंबायला लागला, वरून हाका सुरू झाल्या की मोठं पाखरू उठून जातं आणि अंडं उघडं पडतं. आधीच गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅकनं देशातली बहुतेक गिधाडं संपली, असलं जनावर मेल्यावर खाल्लं की ह्यांच्या किडन्या जायच्या, २००६ ला गुरांसाठी ते औषध बंद झालं तोवर उरलं होतंच काय.

तर रात्री लॉजवर ह्या शहाण्या मावसभावाचा प्लॅन तयार, पहाटे चारला मागनं जायचं. रोप माझा होता. मी म्हणलं मिळणार नाही. "काय बे, गिधाडं तुझ्या सासुरवाडीची हायत का?" लै वाद झाला, शेवटी मी रोपची सॅक डोक्याखाली घेऊन झोपलो. झालं, तेव्हापासून घरातलं कुठलं पण लग्न असू दे, पंगतीत ह्याचं एकच, "हा भ्याला म्हणून बंदीचं निमित्त केलं."

भ्याला म्हणे! दुसऱ्या दिवशी बेंगलोरच्या पोरांनी सांगितलेल्या दुसऱ्या टेकडीवर, जिथं चढायला हरकत नव्हती, तिथला स्लॅब, म्हणजे कलता गुळगुळीत कातळ, लीड कुणी केला, म्हणजे दोर घेऊन पहिला वर कोण गेला, ते हा कधीच सांगत नाही. आपल्या बसाल्टला निदान खाच असते, पायरी असते, ती हातात निघून येते हा भाग वेगळा. ग्रॅनाइटच्या स्लॅबवर धरायला काहीच नसतं. ज्वारीच्या दाण्याएवढे स्फटिक दगडात रुतलेले, त्यावर बुटाचं पुढचं रबर चिकटवायचं, टाच खाली सोडायची आणि उभं राहायचं. भीतीनं अंग दगडाला लावलंत की पाय सटकलाच. दोर अडकवायला दगडात ठोकलेले बोल्ट एवढे लांब लांब की खालचा पार मागं राहिलेला आणि वरचा दिसतोय पण हाताला येत नाही, पिंडरी थडथड उडायला लागलेली. वर पोचून अँकर लावला, म्हणजे दोर पक्का बांधला, तर खालून बिले देणारा, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, हाच ओरडत होता, मला टॉप रोपवर, म्हणजे वरून बांधलेल्या दोरावर, घे म्हणून. हे पंगतीत येत नाही.

आणि पाखरासाठी बंदी म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको. १९७९ ला नान्नजचं माळढोक अभयारण्य केलं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, गावं शेतं रस्ते सगळं आत, लोकांना जमिनी विकायची पंचाईत, मग लोक माळढोकलाच शिव्या घालायला लागले. पुढं ते १,२२२ वर आणलं, पण आता माळढोक दिसला तर नशीब. मावसभाऊ हेच उदाहरण तोंडावर फेकतो, की बंदीनं काय झालं? अरे पण तिथं माणसाच्या पोटावर पाय होता. रामदेवरबेट्टा आहे ३४६ हेक्टर, साडेतीन चौरस किलोमीटर पण नाही. तेवढं सोडून चढायला तुझं काय जातंय बे?

बाकी तुमच्या ग्रुपचं. ग्रॅनाइटच पाहिजे तर हैदराबादच्या पुढं भोंगीर आहे, किल्ल्याचा अख्खा डोंगर एकच दगड, तिथं ट्रेनिंग पण चालतं. हंपीला बोल्डरिंग करा, म्हणजे दोराशिवाय बुटक्या दगडांवर चढा, फक्त देवळांच्या आसपासच्या दगडांना हात लावू नका, ते १९८६ पासून जागतिक वारशात आहे. बदामी आपल्याला गाडीनं सरळ पडतं पण तो वाळूचा दगड, पाऊस पडून गेल्यावर ओला असताना चढलात तर होल्ड तुटून हातात येईल.

हां, माझ्या ट्रिपला बराच काळ झाला. कुठली टेकडी आज चालू आहे आणि कुठं परवानगी लागते ते निघायच्या आधी तिथल्या क्लाइंबर्सना आणि वनखात्याला विचारून घ्या, माझ्या भरवशावर तिकिटं काढू नका. आणि उन्हाळ्यात तर बेतच करू नका, ऊन चढलं की त्या दगडावर तळहात टेकवत नाही आणि बुटाचं रबर मऊ पडून घसरायला लागतं.