वीस लाखांचा विमा, आणि हातात शून्य

‘विमा आहे म्हणून निर्धास्त होतो. तरी बिल आमच्याच खिशातून गेलं. मग इतकी वर्षं हप्ते कशाला भरले?’ हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशनात, सहसा सरळ येत नाही. झोप लागत नाही, नवरा-बायकोत अबोला आहे, मुलांवर उगाच आवाज चढतो, अशा तक्रारींच्या पोटात तो दडलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कोणीतरी पिशवीतून फुगलेली फाईल काढतं आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

पन्नाशीतलं एक जोडपं असंच आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गृहस्थ खासगी कंपनीत होते. कंपनीचा ५ लाखांचा समूह विमा होता, शिवाय सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः २० लाखांची टॉप-अप (मूळ विम्याला वरून जोड देणारी) पॉलिसी घेतली होती. नोकरी गेली तसा समूह विमाही संपला. त्याची त्यांना फारशी फिकीर वाटली नाही, कारण ‘आपली वीस लाखांची आहे की!’ मग पत्नीच्या पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, बिल १,८०,००० रुपये. चार महिन्यांनी त्यांची स्वतःची अँजिओप्लास्टी, ४,२०,००० रुपये. दोन्ही दावे नामंजूर. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागली.

‘मी यांना एकदाच विचारलं, मग त्या पॉलिसीचा उपयोग काय? तेव्हापासून हे माझ्याशी धड बोलत नाहीत,’ पत्नी म्हणाली. पुढे अगदी सहज म्हणावं तशी म्हणाली, ‘आणि मॅडम, गोळ्याही एक दिवसाआड घेतात. सांगत नाहीत, पण पाकीट संपत नाही त्यावरून कळतं मला.’

विमा तिथेच बाजूला ठेवला. अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवल्यावर रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी मनानं कमी करणं जिवावर बेतू शकतं. मी त्यांना समोरच डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. पैशांची अडचण उघडपणे सांगितल्यावर डॉक्टरांनी जनऔषधी केंद्रात कोणती औषधं चालतील ते सांगितलं, फेरतपासणीची तारीखही दिली. बिलाच्या धसक्यानं उपचार टाळणारी माणसं मी बरीच पाहते. हे काटकसरीच्या नावाखाली चालतं, म्हणून घरच्यांच्याही पटकन लक्षात येत नाही.

पुढच्या भेटीत फाईल उघडली. विमा हा माझा विषय नव्हे, पण अशा फायली समोर येऊन येऊन त्यातलं थोडंफार कळायला लागलंय. पॉलिसीच्या पहिल्या पानावर २०,००,००० मोठ्या अक्षरात होते. दोन ओळी खाली, बारीक टायपात: डिडक्टिबल ५,००,०००. म्हणजे बिलातले पहिले ५ लाख ही कंपनी देणारच नव्हती. ते खिशातून भरा, नाहीतर दुसऱ्या पॉलिसीतून. नोकरी होती तोवर हा पहिला हिस्सा समूह विमा उचलत होता, म्हणून सगळं नीट बसत होतं. खालची पायरी निघाली आणि वरची अधांतरी राहिली. हप्ता इतका कमी का होता, तेही याच ओळीत होतं.

मी कोऱ्या कागदावर दोन्ही बिलं एकाखाली एक लिहायला सांगितली. त्यांची पॉलिसी साधी टॉप-अप. तिथे प्रत्येक दाव्याला डिडक्टिबल वेगळं मोजतात. १,८०,००० पाच लाखांच्या आत, ४,२०,००० सुद्धा आत. दोन्ही वेळा हाती शून्य. हीच पॉलिसी सुपर टॉप-अप असती तर वर्षभरातली बिलं एकत्र धरली असती: ६,००,०००. त्यातून पाच लाख वजा जाता एक लाख मिळाला असता. गृहस्थांनी ही बेरीज दोनदा केली. मग म्हणाले, ‘म्हणजे फसवलं नाही त्यांनी. मीच मूर्ख.’

इथे मला थांबवावंसं वाटलं. ‘फसवलं’ म्हणताना राग बाहेर जात होता, ‘मूर्ख’ म्हटल्यावर तो आत वळला. माझ्या मते दोन्ही खरं नव्हतं. विकणाऱ्यानं वीस लाखांचा आकडा ठणकावून सांगितला आणि पाच लाखांचा गिळला, असं सर्रास होतं. सगळं खापर वाचणाऱ्यावर फोडणं मला पटत नाही. मी पत्नीला विचारलं, ‘तुम्ही उपयोग काय असं विचारलंत, ते टोचून का?’ त्या चकित झाल्या. ‘छे हो! मला खरंच कळत नव्हतं.’ त्यांनी प्रश्न विचारला होता आणि यांनी तो आरोप म्हणून ऐकला होता. यावर आम्ही फाईलपेक्षा जास्त वेळ घालवला.

त्यांना विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं होतं. तिथे तक्रारीला फी लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढे जायचं. पण अट स्पष्ट छापलेली असताना या प्रकरणात हाती काही लागण्याची शक्यता मला दिसली नाही, आणि तसं मी सांगितलं.

दुसऱ्या एका बाईंना मात्र मी भांडायला लावलं. त्यांची पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ३,०००. घेतलेली खोली ६,००० ची. अशा वेळी फक्त भाड्यातला फरक कापतात असा समज असतो. प्रत्यक्षात सर्जनच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात, इथे निम्म्यानं कापले जातात. पण त्यांच्या बाबतीत औषधं आणि तपासण्याही निम्म्या केल्या होत्या. आयआरडीएआय, म्हणजे विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार औषधं, तपासण्या, इम्प्लांट (शरीरात बसवायच्या वस्तू) यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. त्यांनी एक पत्र लिहिलं आणि तेवढी रक्कम परत आली.

या गृहस्थांना रागाच्या भरात टॉप-अपच बंद करायची होती. ते मी जवळजवळ हट्टानं थांबवलं. पॉलिसीला सलग सहा वर्षं झाली होती. २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे ६० महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचे दावे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, तोही मागे पडलेला. हृदयात स्टेंट असताना नवी पॉलिसी मिळवणं आधीच कठीण, मिळाली तरी त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हातातलं का सोडायचं?

नोकरी सुटतानाच समूह विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करता आला असता. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्या रुग्णालयातच. ऐन छातीत दुखताना जवळचं जे मिळालं तिथे ते गेले, आणि ते यादीत नव्हतं. पुढच्या वेळेसाठी पत्नीनं घराजवळची यादीतली रुग्णालयं शोधून फ्रिजवर कागद चिकटवलाय.

मग मी एकच आकडा विचारला: उद्या पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं तर जास्तीत जास्त किती रक्कम तुमची? ‘पाच लाख, आणि वर हातमोजे-मास्कसारख्या, विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे काही हजार,’ पत्नीनं लगेच सांगितलं. पाच लाख त्यांच्याकडे आत्ता नाहीत. पण ‘किती होईल कोण जाणे’ या भीतीपेक्षा ठरलेला आकडा त्यांना सोसवत होता. उरलेल्या एफडीतली थोडी रक्कम त्यांनी वेगळ्या खात्यात टाकली, दर महिन्याला त्यात भर घालायचं ठरवलं. किती भर, यावर माझ्यासमोरच वाद झाला. तो वाद ऐकायला मला बरं वाटलं.

फाईल आता पत्नीकडे असते. नूतनीकरणाआधी पॉलिसी सुपर टॉप-अपमध्ये बदलून मिळेल का, हे त्या कंपनीला लेखी विचारणार आहेत. नकार आला तर तोही लेखीच मागायचा, असं त्यांचं ठरलंय.