नर्सिंग हे फक्त डॉक्टरांचे आदेश पाळण्याचं काम आहे का?

‘नर्सिंग हा स्वतंत्र पेशा आहे की डॉक्टर सांगतील ते करायचं काम, त्याचा इतिहास काय, आणि त्याला चार वर्षांची पदवी कशाला लागते?’ असं तुम्ही विचारलंय. माझा मेहुणा भेटला की हेच विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. त्यामुळे त्याचं उत्तरही तुम्हालाच वाचावं लागणार आहे.

मी पुरुष आहे आणि नर्स आहे. सर्जरी वॉर्डात काम करतो. पेशंटचे नातेवाईक मला आधी ‘डॉक्टर’ म्हणतात, मग गणवेश नीट बघून ‘वॉर्डबॉय’ म्हणतात. यांच्या मधलं कुणी असू शकतं हे त्यांना सुचतच नाही.

इतिहास आधी उरकतो. सगळे जण फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरुवात करतात आणि तिच्या हातात दिवा देतात. दिवा ठीक आहे, पण बाईंची खरी ताकद वहीत होती. १८५४ च्या नोव्हेंबरात क्रिमियन युद्ध चालू असताना ३८ जणींना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्या आल्या आणि मृत्यू थांबले, असं झालं नाही. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्युदर ४२ टक्क्यांच्या घरात होता. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन, म्हणजे स्वच्छता तपासणारं सरकारी पथक, आलं, गटारं उपसली गेली, हवा खेळती झाली आणि जूनपर्यंत तोच दर २ टक्क्यांच्या आसपास आला. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासोबत बसून त्यांनी आकडे लावले आणि १८५८ मध्ये प्रसिद्ध चक्राकार तक्ता छापला. जखमांपेक्षा रोगानेच सैनिक जास्त मेले, हे तो तक्ता एका नजरेत दाखवतो. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा निघाली. हे सगळं बरोबरच आहे. पण त्याआधी १८३६ पासून जर्मनीत कैझर्सवर्थला फ्लीडनर दांपत्य मुलींना शुश्रूषा शिकवत होतं, आणि नाइटिंगेल स्वतः तिथे शिकून आल्या होत्या. आणखी मागे गेलात तर १५८६ मध्ये कॅमिलस डी लेलिस या इटालियन धर्मगुरूंच्या संघाला पोपची मान्यता मिळालेली दिसेल. संघ पुरुषांचा होता आणि काम आजाऱ्यांची सेवा. त्यामुळे ‘हे मूळचं बायकांचं काम’ हे मेहुण्याचं लाडकं वाक्य इतिहासात टिकत नाही. पुरुष नंतर बाहेर ढकलले गेले, तेही रीतसर. ब्रिटनमध्ये १९१९ चा नर्स-नोंदणी कायदा झाला तेव्हा पुरुषांची यादी वेगळी ठेवली, ती १९४९ पर्यंत. अमेरिकी लष्कराच्या नर्स कोअरमध्ये तर पुरुषाला १९५५ पर्यंत प्रवेश नव्हता.

नोंदणी हाही एक झगडा होता. परीक्षा घेऊन यादीत नाव घालावं यासाठी ब्रिटिश नर्स एथेल बेडफर्ड फेनविक तीस वर्षं भांडल्या, आणि त्यांच्या विरोधात कोण उभं होतं, तर खुद्द नाइटिंगेल! चांगली नर्स परीक्षेने ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यूझीलंडने १९०१ मध्येच कायदा करून टाकला. ब्रिटनचा आला तेव्हा रजिस्टरमधलं पहिलं नाव फेनविक यांचं पडलं. आणि आमच्याकडून म्हणवून घेतात ती ‘नाइटिंगेल प्रतिज्ञा’ नाइटिंगेल यांनी लिहिलेलीच नाही. ती १८९३ मध्ये डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेतल्या समितीने लिहिली. डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने मदत करीन, हे वाक्य त्यातलं. तुमच्या प्रश्नातला ‘आदेश पाळणारा’ माणूस तिथे भेटतो.

आता माझ्याकडचं सांगतो. यावरूनच मेहुण्याचं आणि माझं वाजलं होतं.

रात्रपाळी होती. आतड्याचं ऑपरेशन होऊन दुसरी रात्र झालेला एक पेशंट. आधीच्या पाळीने सोपवताना सांगितलेलं, ‘स्टेबल’. बीपी ठीक, ताप नाममात्र, रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के. पण माणूस स्वस्थ नव्हता. उशी वर घ्या म्हणे, खाली घ्या म्हणे, पंखा नको म्हणे, मग हवा म्हणे. मी मनगट धरून नाडी मोजतोय असं दाखवलं आणि पूर्ण मिनिटभर छाती बघत श्वास मोजले. सव्वीस. (पेशंटला कळलं की आपले श्वास मोजताहेत, की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो.) आधीच्या नोंदी पाहिल्या तर अठरा, अठरा, अठरा. लघवीच्या पिशवीत चार तासांत जेमतेम काही थेंब वाढलेले.

ऑन कॉल डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, बीपी चांगलंय ना, दुखत असेल, पेनकिलर द्या, सकाळी बघू. मी पेनकिलर दिलं नाही. पोट हात लावून पाहिलं, फळीसारखं लागत होतं. पुन्हा फोन केला. या वेळी आकडे एका दमात सांगितले आणि शेवटी म्हणालो, ‘सर, तुम्ही येऊन बघायला हवं, नाही आलात तर मी वर कळवतोय.’ तो चिडला. मी वर कळवलं. रजिस्ट्रार, म्हणजे त्याच्या वरच्या डॉक्टर, झोपेतून उठून आल्या, पोटाला हात लावला आणि माझ्याकडे न बघताच ऑपरेशन थिएटरला फोन केला. आतड्याचा जोड सुटला होता. उजाडायच्या आत पेशंट टेबलावर होता, आणि पुढे चालत घरी गेला.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं की ‘टीमच्या’ लक्षात आलं. माझी नर्सिंग नोट मात्र फाइलमध्ये आहे, वेळेसकट: पहिला फोन, दुसरा फोन, कोण काय म्हणालं. मी हे घरी सांगितलं तेव्हा मेहुणा काय म्हणाला? ‘म्हणजे तू फोन केलास. ऑपरेशन तर डॉक्टरनेच केलं ना?’

हो, त्यांनीच केलं आणि उत्तम केलं. पण कुणाला उठवायचं, कधी उठवायचं, आणि मिळालेला आदेश कधी थांबवून ठेवायचा, हे कुठल्या आदेशपत्रावर लिहिलेलं होतं? औषध चुकीचं आहे हे कळूनही डॉक्टरने लिहिलं म्हणून दिलं, तर कायद्यापुढे ‘मला सांगितलं होतं’ हे उत्तर चालत नाही. रजिस्टरवर माझं नाव आहे, जबाबदारी माझी आहे. स्वतंत्र पेशा म्हणायला अजून काय लागतं?

त्या रात्री मला जाणवलं त्याला आता गुणांकन आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या ‘न्यूज’ स्कोअरमध्ये (नाडी, श्वास, बीपी अशा नोंदींना गुण देतात, जास्त गुण म्हणजे जास्त धोका) श्वास मिनिटाला २५ किंवा वर गेला की एकदम ३ गुण, आणि एकाच रकान्यात ३ आले तरी डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं. मात्र तो आकडा खरा मोजलेला हवा. न मोजता सगळ्यांना अठरा लिहिणाऱ्यांना माझा सलाम नाही, मग ते माझ्या पेशातले का असेनात.

पदवीचं म्हणाल तर २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नऊ युरोपीय देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास आला होता. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती, आणि एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. ही लिंक मी मेहुण्याला पाठवली. निळी टिक आली, उत्तर नाही.

आता थोडं सबुरीने. हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे. पदवीमुळेच जीव वाचले असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पदवी नसलेल्या एका वयस्क सिस्टरनेच मला श्वास मोजायला शिकवलं होतं. ऐकून घेणारे डॉक्टरही भरपूर आहेत, तो ऑन कॉलवालाही आता पहिल्याच फोनला येतो. आणि पेनकिलर थांबवणं दर वेळी बरोबर असतंच असं नाही; दुखणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवू नका, माझी वेळ निराळी होती.

तुम्ही स्वतः या क्षेत्रात यायचा विचार करत असाल तर पदवीच करा. पण कॉलेज निवडताना इमारत बघू नका. संलग्न रुग्णालयात रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात, आणि विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवायला कोण उभं असतं, हे दोन प्रश्न तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. प्राचार्यांना विचारून उपयोग नाही.