चिऱ्याच्या घरात वायफाय पोचवायचं तर

भाऊ, मागच्या खोल्यांत वायफाय पोचत नाही म्हणून लगेच रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, मागवायची घाई करू नकोस. राउटर ओटीवर, लोखंडी कपाटाला टेकून ठेवलायस, तिथेच अर्धी गोम आहे. लोखंड सिग्नल अडवतं आणि उरलेला खळ्यात, म्हणजे अंगणात, वाया जातो. त्यात आपल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती जाड. पावसाळ्यात ओल धरतात, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. मालवणच्या घरी मी राउटर फक्त माजघराच्या दारावर, डोक्याच्या वर टांगला, तर चुलीजवळ बसून आईचा व्हिडिओ कॉल अडकेनासा झाला.

राउटरचे दोन बँड असतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर दमतो. मागच्या खोल्यांना २.४ दे, चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा. अँटेना सरळ उभी ठेव. सिग्नल टोकातून नाही, बाजूंनी पसरतो.

मांगरापर्यंत, म्हणजे घरामागच्या गोठ्या-कोठारापर्यंत, हवं असेल तर माझं ठाम मत, केबल ओढ. पाइपातून, बाहेर टिकणारी कॅट ६ नेटवर्क केबल, १०० मीटरपर्यंत चालते. पलीकडे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून आलेलं नेट नुसतं वायफायने पसरवायला, लाव, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम) बंद करून. साधा एका बँडचा रिपीटर वेग जवळजवळ निम्मा करतो. घेतलासच तर सिग्नल मेलेल्या कोपऱ्यात नको, अर्ध्या वाटेवर लाव.

खाऱ्या वाऱ्याने केबलच्या पिना हिरव्या पडतात, गणपतीआधी एकदा बघत जा. आणि वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर केबलही काढ. प्लग काढूनही माझा एक राउटर वळवाच्या पावसात केबलवाटेच जळला.