तारीख ठरण्याआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर रडकुंडीला आलीस, तेव्हापासून मला चैन नाही. तुमचं ऐरोलीचं ऑफिस महापेला हलणार, पाळ्या बदलणार, आणि तारीख जाहीर होईपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस. वर त्याच आठवड्यात ताणमुक्तीचं शिबिरही तूच भरवायचं. अगं, ज्याला उद्याचं ठाऊक नाही त्याला दीर्घ श्वास घ्यायला कसं सांगणार?

तारीख ठरण्याआधी माणसांना विचार. बाकी सगळं त्यानंतर.

"बातमी फुटेल" म्हणतेस. फुटलीच आहे. कॅन्टीनमध्ये तुझ्याआधी पोचलीय, तीही वाढवून.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या आमच्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू करायची होती. मशीनचे तास, उत्पादनाचे आकडे, सगळं साहेबांकडे तयार. मी फिटर लोकांना घेऊन बसलो, तर एकाने विचारलं, "पाळी सुटल्यावर कंपनीची बस ठाणे स्टेशनला किती वाजता टेकणार? टिटवाळा गाडी चुकली तर रात्र फलाटावरच." वरच्या एकाही कागदात ती बस नव्हती. पाळी अर्धा तास अलीकडे घेतली आणि कुरकुर थांबली.

हे माझं एकट्याचं खूळ समजू नकोस. 1948 मध्ये कोच आणि फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या हारवूड पायजमा कारखान्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला नुसतं समजावून सांगितलं, त्यातले 17 टक्के लोक पहिल्या 40 दिवसांत सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांना बदल ठरवायलाच बसवलं, तिथून त्या काळात कुणीही गेलं नाही. आमच्या वेळी औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 9-अ होतं: पाळ्या बदलायच्या तर कामगारांना 21 दिवस आधी नोटीस. साहेब लोक नोटीस चिकटवून मोकळे व्हायचे. मी म्हणायचो, नोटीस टाइप होण्याआधी विचारा.

या हट्टापायी मला "युनियनचा माणूस" म्हणाले, बढती दुसऱ्याला गेली. लागलं मला ते, अजून लागतं. पण त्या पाळीवरून एक दिवस काम बंद पडलं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

एक मात्र सांभाळ. ऑफिस हलणार हे ठरलंय, तर तसं सरळ सांग. ठरलेल्या गोष्टीवर मत मागायचं नाटक केलंस तर पुन्हा कुणी तुझ्याशी खरं बोलणार नाही. पण कुठली टीम आधी हलणार, घरून काम किती दिवस, घणसोलीहून रात्री रिक्षा मिळाली नाही तर काय, हे अजून कुणीच ठरवलेलं नाही. तेवढं विचार, आणि विचारण्याची परवानगी साहेबांकडून या आठवड्यातच घे. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी परत जा. शिबिर पुढच्या महिन्यात घेता येईल.

तुझा,
काका