सोसायटीने ओला कचरा जागेवरच जिरवला तर हवामानाला खरंच फरक पडतो का? 60 फ्लॅट आहेत, मशीन कोणतं घ्यावं?

पडतो. पण तो ओल्या कचऱ्याने पडतो, आणि सोसायट्यांच्या मीटिंगा चालतात प्लास्टिकच्या पिशव्यांवर. कचरा डेपोत दबलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. हवामान तापवणारा मिथेन वायू करतो तो कालचा वरणभात. ढीग खोल झाला की आत हवा पोचत नाही आणि बिनहवेचे जिवाणू कामाला लागतात. पुण्याजवळच्या उरुळी देवाचीचा डेपो धुमसताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आयपीसीसीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचे, ठोकताळे लावले तर खोल ढिगात गेलेला 1 टन ओला कचरा पुढच्या काही वर्षांत साधारण 40 किलो मिथेन सोडतो. 100 वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो, म्हणजे टनभर कचऱ्यामागे टनभर कार्बन डायऑक्साइडइतकं. त्याच कचऱ्याचं नीट खत केलं तर मिथेन 4 किलोच्या आसपास आणि थोडा नायट्रस ऑक्साइड, तोही तापवणारा वायू. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात दोन्ही मिळून 175 किलोच्या आतबाहेर. तुमचा ओला कचरा रोज 30 किलो धरला तर रोजचं सुमारे 27 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं वाचतं.

आता मशीन. हीटरवालं घेऊ नका. ‘24 तासांत खत’ म्हणून जे बाहेर पडतं ते वाळवलेलं अन्न असतं. कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागतं, बुरशी येते, माश्या येतात. वर वीज. रोज 20 युनिट खाल्ली तर युनिटला 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडप्रमाणे 14 किलो, म्हणजे निम्मी बचत तिथेच संपली. ‘कटकट नको, मशीन घेऊ’ म्हणणारे कमिटीत असतातच. त्यांना आधी मीटर दाखवा.

विटांच्या जाळीदार टाक्या बांधा. चार बाय चार, उंची चार फूट, अशा चार. एक महिनाभर भरायची, बाकीच्या पिकू द्यायच्या.

कोथरूडमधल्या एका सोसायटीत अशीच टाकी ‘वास येतो’ म्हणून बंद करायचा ठराव आला होता. झाकण काढलं तर सडक्या अंड्याचा वास, तळाला काळं पाणी, मधोमध भाताचा चिकट गोळा, आणि त्यात काळ्या पिशवीत गाठ मारलेला अख्खा कचरा तसाच. हवा खेळती ठेवणारा सुका पाला जवळजवळ नव्हता. तोच पाला, रेन ट्रीचा, फेब्रुवारीत कोपऱ्यात जाळला होता आणि जळण्याच्या वासाबद्दल कोणी ठराव आणला नव्हता. टाकी रिकामी करून पुन्हा भरली: ओल्याची एक बादली, त्यावर चुरलेल्या पाल्याची दीड बादली, मूठभर जुनं खत. मुठीत दाबल्यावर ओलसर लागावं, एखाद-दोन थेंब यावेत, धार लागता कामा नये. आठवड्यातून एकदा फावड्याने वरखाली. चार-पाच दिवसांत आतलं तापमान 55 अंशांवर गेलं. इतकी धग आली की काम नीट चाललंय आणि अळ्याही टिकत नाहीत. तापलंच नाही तर ढीग ओला तरी आहे किंवा फार लहान. अमोनियाचा झोंबरा वास आला तर पाला कमी पडलाय.

म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल गळणारा पाला पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. जुलैत तो मागून मिळत नाही. आंबा-फणसाची पानं जाड, मेणचट. ती चुरल्याशिवाय घालू नका. टाक्यांवर पत्रा हवाच, पावसाने भिजलेली टाकी म्हणजे छोटा डेपोच.

एक गोष्ट राहिली: टाकीत हवा गेली नाही तर वरचा 4 किलोचा आकडा धरता येत नाही, मिथेन तिथेही होतो. बायोगॅस मोठ्या हॉटेलांना, मंडईला परवडतो; 30 किलोसाठी डोकेदुखी, आणि वायू साठवणारा डोम गळका असेल तर मिथेन थेट हवेत. सुका कचरा ‘स्वच्छ’च्या, म्हणजे कचरावेचकांच्या संस्थेच्या, ताईंना कोरडाच द्या, वरणाने भिजलेला पुठ्ठा कोणी विकत घेत नाही.

तरीही मशीनच घ्यायचं असेल तर हीटर नसलेलं, फक्त तुकडे करणारं पाहा. पाला त्यालाही लागेल.