किल्ली खुंटीला आहे

प्रिय भाचीबाई,

तुझा निरोप मिळाला. दिवाळीनंतर चार दिवस येतेस, गाडी हवी आहे, आणि ‘आत्या, चार दिवसांत किती होईल?’ मी त्या आठवड्यात पनवेलला असेन, म्हणून लिहून ठेवते. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ‘हो, हो’ म्हणत दुसरंच काहीतरी करत असतेस आणि ते मला इथे ऐकू येतं.

किती होईल? फार नाही. तू पाठवलेल्या यादीत हर्णैपासून गणपतीपुळ्यापर्यंत सतरा नावं आहेत. ती चारचाकीवाल्यांची यादी. सकाळी काचा लावून निघायचं, चार देवळं, दोन किनारे, एक किल्ला, रात्री पापलेट. तसंच फिरायचं असेल तर माझी गाडी नेऊ नकोस, भाड्याची जीप कर. कंबर तरी शाबूत राहील.

माझी गाडी म्हणजे नव्वद सीसीची स्कूटर. घाटीच्या चढावर काटा पंचविसाच्या पुढे सरकत नाही, आणि मागे जड माणूस असेल तर त्याला उतरून चालावं लागतं (आतोबांना विचार). पण तिचं वजन शंभर किलोच्या आत आहे. कुणाच्याही अंगणात, कुठल्याही बोळात, ती एकटीला वळवता येते. नर्सच्या नोकरीतली शेवटची अठरा वर्षं मी लसीची पेटी पायाशी ठेवून वाड्यावाड्यांवर हिंडले ती या एका गुणावर. कारण इथले आतले रस्ते बहुतेक कुठे जातच नाहीत. सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावरून निघतात, घाटी उतरतात, वाडीत शिरतात आणि शेवटच्या घराच्या गडग्याशी, दगडी कुंपणाशी संपतात. जीपवाला तिथे पोचला की अर्धी वाडी जमते, ‘घ्या, घ्या, अजून घ्या’ सुरू होतं आणि शेवटी कुणाचा तरी गडगा ढासळतो. तू मात्र स्टँड लावायचंस, पाणी मागायचंस, गाडी फिरवायचीस आणि निघायचंस. वळवायची भीती नसली की कुठलाही फाटा आत घ्यायची भीती उरत नाही.

म्हणून यादी ठेव बाजूला. गुहागरहून दक्षिणेला निघ: असगोली, पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. सगळं मिळून पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि मी म्हणेन की त्याला दोन दिवस दे. अडूरकडून बुधलचा फाटा घे. अरुंद उतार आहे. घरं एकाखाली एक उतरत जातात आणि तळाला डोंगराच्या कुशीत एवढासा किनारा, त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. तिथे बघण्याजोगं काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. मी तिथे डोस द्यायला जायचे आणि काम संपल्यावरही थोडी बसायचे, एवढंच.

फाटा कसा निवडायचा हा खरा प्रश्न. फोनमधल्या नकाशावर विसंबू नकोस. त्याला पाखाडी आणि रस्ता यांतला फरक कळत नाही. मला एकदा त्याने जांभ्याच्या पायऱ्यांच्या तोंडाशी नेऊन ‘सरळ जा’ सांगितलं होतं. खाली विहिरीवर बायका धुणं धूत होत्या. त्यांनी वर बघितलं, मी खाली बघितलं, आणि सगळ्याच हसलो. माणसांना विचार, पण नीट विचार. ‘हा रस्ता हेदवीला जातो का?’ म्हटलंस की सगळे ‘जातो’ म्हणतील. पायवाटसुद्धा जातेच की. किती लांब विचारलंस तर उत्तर येईल ‘ह्ये काय, हितंच’, आणि ते हितंच सात किलोमीटर निघेल. त्याऐवजी विचार, ‘एस्टी कुठपर्यंत जाते?’ याचं उत्तर कुणी चुकवत नाही. जिथवर एस्टी जाते तिथवर रस्त्याला रुंदी आहे, मोऱ्या धड आहेत, आणि काही झालंच तर दिवसातून एकदा तरी लाल डबा येणार आहे. वस्तीची गाडी मुक्कामाला असते अशा गावाला तर डोळे मिटून जा. म्हणजे डोळे उघडे ठेवून, पण जा.

तोच लाल डबा वळणावर समोरून येईल तेव्हा मात्र त्याच्याशी हुज्जत नको. तो हॉर्न देतो, तूही दे, आणि वेग आधीच कमी करून डावीकडे थांब. डांबर सोडून चालत्या गाडीने साइडपट्टीवर उतरू नकोस. पावसाने कडा खाल्लेल्या असतात, डांबर आणि मातीत वीतभर फरक पडतो, आणि आपलं चाक दहा इंची. मोठ्या गाडीला जो खड्डा आहे ती आपल्याला विहीर. चिऱ्याच्या खाणी आहेत त्या बाजूला वळणावळणावर डंपरमधून सांडलेली बारीक खडी असते. तिच्यावर ब्रेक दाबलास की गाडी पायाखालून जाते. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही.

आता ब्रेकचंच सांगते, कारण इथे तू फसशील. तुझ्या पुण्यातल्या गाडीला डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकं धरतात. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या छोट्या गाड्यांना तशी सोय सक्तीची झाली. माझी त्याआधीची. तिचा डावा ब्रेक म्हणजे फक्त मागचं चाक. पहिल्या दिवशी अंगणात चार वेळा दाबून बघ, हाताला कळू दे. आणि घाटी उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून नुसत्या ब्रेकवर येऊ नकोस. बिनगिअरच्या गाडीत इंजिन मंदावलं की क्लच सुटतो, मग गाडी उतारावरून मोकळी धावते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ड्रम तापला की लिव्हर मऊ लागते आणि चाक धरत नाही. किंचित रेस धरून ठेव, दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून. हात दुखले तर थांब. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांतल्या दोघांच्या गुडघ्यांना पट्ट्याही मीच बांधल्या.

खाडीचं गणित वेगळं, आणि ते मला सगळ्यात आवडतं. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. धोपाव्याहून समोर दाभोळ दिसतं, माणसंसुद्धा दिसतात. पण मध्ये वाशिष्ठी आहे. फेरीबोट चुकली तर चिपळूणमार्गे शंभरेक किलोमीटरचा वळसा. तवसाळहून जयगडला जाताना शास्त्री नदी आडवी येते. तिथेही बोट आहे, नाहीतर वर भातगावच्या पुलाकडून फिरायचं. आपल्या गाडीच्या टाकीत जेमतेम पाच लिटर मावतं, तेव्हा शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेव आणि काटा अर्ध्यावर आला की जो पंप दिसेल तिथे भर. दोन्ही खाड्या एकाच दिवशी करू नकोस. एक दिवस दाभोळ: अंजनवेलला गोपाळगडावर चढ, वेलदूरवरून धोपाव्याला उतर, गाडी बोटीत घाल, पलीकडे चंडिकादेवीचं भुयारातलं देऊळ बघ. आत समईचाच उजेड असतो, डोळे सरावेपर्यंत उभी राहा. मग परत.

बोटीत गाडी घालताना जेट्टीच्या उतरंडीकडे नजर ठेव. भरतीला पाणी वरपर्यंत असतं, तेव्हा काही त्रास नाही. ओहोटीला उतरंडीचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. सरळ रेषेत, पाय खाली सोडून, पुढचा ब्रेक न लावता. बोटीवरची पोरं हात देतात, द्यायला लागली तर लाजू नकोस.

भरती कधी हे शोधायला मोबाइल नको, कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. शुद्ध असो की वद्य, चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे मला पालशेतच्या एका म्हाताऱ्या कोळिणीने शिकवलं, तिच्या नातीला ट्रिपलची लस देताना. हेदवीची बामणघळ बघायची असेल तर हेच गणित लागेल. खडकातली ती अरुंद चीर ओहोटीला कोरडी दिसते आणि माणसं ‘यात काय’ म्हणून परत फिरतात. भरतीला लाट आत घुसते आणि तोफ डागल्यासारखी वर उसळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा तर बघायलाच नको. म्हणजे लांबून बघ. काठावर जाऊन फोटो काढू नकोस, खडक ओला असतो आणि लाटा मोजून येत नाहीत.

सड्यावर थांबशील का? थांबच. पावसाळ्यात तो फुलांनी भरतो, तुला दिवाळीनंतर पिवळं गवत आणि काळा कातळ मिळेल, आणि लांबवर कुठेतरी निळी रेघ. माझा डबा मी कायम सड्यावर खायचे. नंतर कळलं की अशाच सड्यांवर, रत्नागिरी-राजापूरकडे, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. कशेळीला तर अख्खा हत्ती आहे, अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. 2022 साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. निवृत्त झाल्यावर मी कशेळीला जाऊन आले. हत्तीच्या कडेने फिरताना सारखं वाटत होतं, आपण इतकी वर्षं कशाकशावर बसून भाकरी खाल्ली असेल कोण जाणे.

एकटीने फिरण्याबद्दल तुझ्या आईला काळजी आहे, तुला नाही. दोघींचंही थोडं बरोबर आहे. पाणी हवं, बाथरूमला जायचं असेल, तर ज्या घराच्या अंगणात बाई काहीतरी वाळत घालत असेल तिथे थांब. हेल्मेट काढ, आधी नाव सांग, मग गाव, मग कुणाची कोण ते. ‘नर्सबाईंची भाची’ म्हटलंस तर या पट्ट्यात चहा टळणार नाही. तेवढा वेळ हाताशी ठेव. रस्त्यावर भात वाळत घातलेलं दिसलं तर त्यावरून गाडी नेऊ नकोस. शेजारून जागा नसेल तर हाक मार, ते सरकवतील. आणि रात्री कुठे राहणार हे कुणालाही कौतुकाने सांगत बसू नकोस.

आता एक गोष्ट सांगते, ती आतोबांनाही अर्धीच माहीत आहे. जुलै महिना, लसीकरणाचा दिवस, एका वहाळावरच्या फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून पाणी चाललेलं. घोट्याएवढं दिसत होतं. पलीकडे वाडी, बायका पोरं घेऊन वाट बघत असणार, आणि पेटीतला बर्फ काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी गाडी घातली. मध्यावर पाणी गुडघ्याला लागलं, सायलेन्सरमध्ये गेलं, इंजिन बंद. चाक शेवाळावरून सरकायला लागलं. मी हँडल धरून तशीच उभी, ना पुढे ना मागे. गवत कापणारे तिघे धावत आले. एकाने पेटी डोक्यावर घेतली, दोघांनी गाडी ओढली. काठावर आल्यावर त्यांतला म्हातारा म्हणाला, ‘बाई, गाडी वळवता येत नाय काय?’ दुसरं काही बोलला नाही. पोलिओपासून गोवरापर्यंत सगळं लोकांना पटवणारी मी, त्याला उत्तर देऊ शकले नाही. आणि वाडीत पोचले तर निम्म्या बायका अजून आलेल्याच नव्हत्या.

तू येशील तेव्हा फरशा कोरड्या असतील. तुझी फरशी म्हणजे संध्याकाळ. पाच वाजता उन्हं सोनेरी होतील, एक फाटा दिसेल, ‘एवढाच’ म्हणशील. त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि झाडीच्या रस्त्यावर त्याच्याही आधी अंधारतं. माझ्या गाडीचा दिवा वेगावर चालतो. गाडी हळू केली की तोही मंदावतो, म्हणजे नेमका हवा तेव्हा नसतो. गुरं घरी परतत असतात, कुत्री रस्त्यात बसलेली असतात, आणि बिबट्याच्या गोष्टी सगळ्याच खोट्या नसतात. साडेचारला जिथे असशील तिथून घराकडे फिर. तो फाटा कुठे होता ते वहीत लिहून ठेव, सकाळी जा.

कागदपत्रं डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत, प्लगचा पाना आणि जुना प्लगही तिथेच. बेल्ट मेमध्ये बदलला आहे. डिकी उघडताना सीट मागून दाबून मग किल्ली फिरव, नाहीतर ती रुसते. सकाळी पहिल्यांदा किक मार, बटण नको, बॅटरी म्हातारी आहे. हवा शृंगारतळीला भरून घे, आकडे चेनच्या कव्हरवर मी पेनने लिहिले आहेत. चेन नाही, बेल्टच्या कव्हरवर. सवय जात नाही.

किल्ली मागच्या पडवीत, आतोबांच्या छत्रीमागे, खुंटीला आहे. गाडी भिंतीकडे तोंड करून लावली आहे. बाहेर काढायची तर आधी वळवावी लागेल.

तुझी,
आत्या