पॅरिस ऑलिंपिकचा शुभंकर नेमका काय आहे? खानापूरच्या आमच्या शाळेत क्रीडादिनाला पुठ्ठ्याचा करायचाय, पोरं त्याला संकेश्वरी मिरची म्हणताहेत.

मिरची नव्हे, ती टोपी आहे: फ्रिजियन टोपी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळापासून स्वातंत्र्याची खूण. फ्रान्सचं प्रतीक असलेली मारियान हीच घालते. तिथल्या नाण्यांवर, टपाल तिकिटांवर ती दिसते. म्हणूनच 2024 च्या आयोजकांनी प्राणी न घेता टोपीलाच हातपाय दिले आणि नाव ठेवलं फ्रीज. पुठ्ठा कापताना शेंडा पुढे दुमडलेला ठेवा. सरळ उभा राहिला की मिरची झालीच म्हणून समजा. डोळ्यांपाशी निळी-पांढरी-लाल फीत हवीच, ती क्रांतिकारकांच्या तिरंगी बिल्ल्यावरून घेतलीय. शक्यतो जोडी करा. पॅरालिंपिकच्या फ्रीजला एका पायाच्या जागी धावपटूंचं वाकडं पातं, म्हणजे पळण्यासाठीचा कृत्रिम पाय, आहे, आणि ते झाकलेलं नाही, मुद्दाम दिसेल असं दाखवलंय. माझ्या मते सगळ्या कल्पनेत तेच सर्वांत भारी. (मुलांना प्राणीच हवा असेल तर 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धांचा मोगा बघा. तो गवा, आपल्या भीमगडच्या रानातलाच गडी.)

फक्त एक सांभाळा: रोममध्ये मुक्त केलेल्या गुलामाला हीच टोपी देत, असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. ती रोमन टोपी वेगळी, पिलेअस नावाची, पुढे दुमडलेला शेंडा नसलेली. दोन्हींची सरमिसळ पुढे झाली, त्यामुळे फळ्यावर तसं लिहू नका.